वजन ‘नॉर्मल’, मग शुगर का वाढली?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

‘मी ३९ वर्षांची, मूळची सांगलीची, नऊ वर्षं जर्सी सिटीत राहते. उंची ५ फूट २ इंच, वजन १३४.५ पौंड, कंबर ३५ इंच. परवाच्या तपासणीत बीएमआय २४.६ आला, दवाखान्याच्या पोर्टलवर तो हिरव्या रंगात दिसतो. पण एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) ६.०, ट्रायग्लिसराइड्स १९० आणि एचडीएल ३८ आहे. डॉक्टर म्हणाल्या, वजन नॉर्मल आहे, शुगर किंचित वर आहे, पुढच्या वर्षी बघू. दुसऱ्या गरोदरपणात माझी शुगर वाढली होती, बाळंतपणानंतर उतरली. आईला मधुमेह आहे. मी शाकाहारी, अंडं खाते. सकाळी चहा-खारी, डब्यात तीन पोळ्या आणि भाजी, रात्री वरण-भात. चहा दिवसातून तीनदा, दोन चमचे साखरेचा.

ऑफिसमधली माझी जवळची मैत्रीण आफ्रिकन-अमेरिकन आहे. तिचा बीएमआय ३१. तिला दर भेटीत वजनावरून ऐकावं लागतं, पण तिची एचबीए१सी ५.४! हा काय प्रकार आहे? शिवाय आमच्या मराठी ग्रुपवर इथल्या काळ्या आणि पोर्तो रिकन शेजाऱ्यांबद्दल “यांना खाण्यावर ताबाच नाही” असं सर्रास बोललं जातं. मला ते खटकतं, पण उत्तर सुचत नाही. लठ्ठपणा खरंच वंशात असतो का? आणि मी आता नेमकं काय करू?’

प्रिय ताई,

आधी तुमच्या तब्येतीचं बघू, मग ग्रुपचं. पुढच्या वर्षापर्यंत थांबू नका. एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या आधीची पायरी, आणि तुम्ही तिच्या मधोमध आहात. गरोदरपणात शुगर वाढलेल्या बाईला पुढे मधुमेह होण्याची शक्यता इतर बायकांपेक्षा सात ते दहापट असते. बाळंतपणानंतर ती ‘उतरली’ हे खरं, पण म्हणून विषय संपत नाही. अशा बाईची शुगर दर एक ते तीन वर्षांनी तपासायची असते, आणि तीही आयुष्यभर. चढलेली ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) आणि उतरलेलं एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ही जोडी बहुतेक वेळा पोटात, यकृताच्या आत आणि आजूबाजूला साठलेल्या चरबीमुळे दिसते.

मग तो हिरवा रंग आला कुठून? वजनाला उंचीच्या वर्गाने भागायचं हे बीएमआयचं सूत्र बेल्जियमच्या आडोल्फ केतले यांनी १८३० च्या दशकात मांडलं. माणसांच्या मापांची सरासरी काढणं हा त्यांचा हेतू होता, एकेकाचं आरोग्य तपासण्याचा विचार त्यात नव्हता. ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव अमेरिकेच्या ॲन्सेल कीज यांनी १९७२ साली दिलं. २५ (जादा वजन) आणि ३० (लठ्ठपणा) या रेघा ज्या माहितीवरून आखल्या गेल्या, ती मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची होती. आशियाई लोकांत त्याहून कमी वजनावरच मधुमेह आणि हृदयरोग दिसतात, हे पाहून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ साली आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे आकडे सुचवले. भारतातल्या डॉक्टरांनी २००९ साली २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा असं ठरवलं. म्हणजे तुमचा २४.६ सांगलीच्या दवाखान्यात लठ्ठपणाच्या उंबऱ्यावरचा ठरतो आणि जर्सी सिटीत तोच हिरवा दिसतो. शरीर तेच, काटा तोच, रेघ तेवढी सरकली.

अमेरिकेतही हे माहीत नाही असं नाही. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने २०१५ सालीच सांगितलं की आशियाई वंशाच्या माणसांची शुगर २३ बीएमआयपासून तपासावी. पण बहुतेक दवाखान्यांच्या संगणकात एकच रेघ भरलेली असते, २५ ची, आणि घाईत असलेली डॉक्टर आधी रंग बघते.

हा फरक किती मोठा आहे ते इंग्लंडच्या एका अभ्यासात दिसतं. तो २०२१ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात साडेचौदा लाखांहून जास्त लोकांच्या नोंदी तपासल्या होत्या. गोऱ्या माणसाला ३० बीएमआयला मधुमेहाचा जेवढा धोका, तेवढा दक्षिण आशियाई माणसाला २३.९ लाच. चिनी लोकांत तो आकडा २६.९ आणि काळ्या लोकांत २८.१. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, मैत्रिणीबद्दल बोलताना लागेल. तुमच्या २४.६ चा अर्थ मात्र आताच स्पष्ट व्हावा: मधुमेहापुरतं बोलायचं तर तुम्ही ३० च्या पलीकडे आहात.

याचं कारण शोधायला पुण्याकडे यावं लागतं. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या गोऱ्या बाळांचं सुमारे ३.५ किलो. आपली बाळं अंगाने हडकुळी, स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण पाठीवर कातडीखालची चरबी मात्र बऱ्यापैकी टिकून. ‘थिन-फॅट’ हे नाव त्यावरूनच रुळलं. दिसायला बारीक, आतून चरबीचं. आईचं कुपोषण, तिच्या अंगावरचं काम, पिढ्यान्‌पिढ्यांची ओढाताण हे त्यामागे असावं असं मानलं जातं. याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दंडाला मांस नाही आणि पोट मात्र सुटलेलं, ही अंगकाठी आपल्या घराघरांत दिसते. तिच्याकडे ‘बाळंतपणानंतर व्हायचंच’ म्हणून दुर्लक्ष करू नका.

म्हणून टेप घ्या, शिवणकामाचा. सकाळी, काही खाण्याआधी, कपडा बाजूला सारून उभं राहा. बरगडीचं सर्वांत खालचं हाड आणि कुल्ह्याच्या हाडाचा वरचा काठ बोटांनी चाचपा, त्या दोहोंच्या मधोमध टेप गुंडाळा. बेंबीवरून मोजू नका, पोट सुटलं की बेंबी खाली सरकते. टेप जमिनीला समांतर हवा, आरशात पाठीमागून बघून घ्या. श्वास सहज सोडून मोजा, पोट आत घेऊ नका. दोनदा मोजा, अर्ध्या इंचाहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. तुम्ही लिहिलेले ३५ इंच कपड्याच्या नंबरावरून असतील तर ते सोडून द्या. टेपने ३५ आले असतील तर ते ८९ सेंटिमीटर होतात. अमेरिकन तक्त्यात बाईची कंबर ३५ इंचांच्या वर गेली तरच खूण होते, म्हणजे तिथेही तुम्ही अगदी काठावरून सुटता. दक्षिण आशियाई बाईसाठी रेघ आहे ८० सेंटिमीटर, साडेएकतीस इंच. त्याहून सोपी खूण: कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. तुमची उंची ६२ इंच, म्हणजे कंबर ३१ च्या आत. आधी ३३ गाठा.

डॉक्टर बदलायची गरज नाही. पोर्टलवरून पाच-सहा ओळींचा निरोप पाठवा. मी दक्षिण आशियाई वंशाची आहे, बीएमआय २४.६ आहे आणि आमच्यासाठी रेघ २३ ची आहे, गरोदरपणात शुगर वाढली होती, आईला मधुमेह आहे, एचबीए१सी ६.०, कंबर ३५ इंच. पुढे मागणी लिहा: उपाशीपोटी ग्लुकोज आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेली चाचणी. शिवाय हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२ आणि यकृताची एएलटी. ‘शुगर तपासा’ एवढंच लिहिलंत तर ‘झालीच आहे की’ असं उत्तर येईल, म्हणून चाचण्यांची नावं घालाच.

फेरिटिन अशासाठी, की शरीरात लोह कमी असलं तर एचबीए१सी खोटी वर दिसू शकते, आणि पाळी चालू असलेल्या शाकाहारी बाईत लोहाची कमतरता काही नवलाची नाही. लोह कमी निघालं म्हणून शुगर ठीकच आहे असंही धरू नका, त्यासाठीच तर ग्लुकोज थेट मोजायचं. उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा दोन तासांनी १४० ते १९९ म्हणजे मधुमेहाच्या आधीची पायरी. त्यावर गेलं तर मधुमेह. या चाचणीत एक चूक फार होते: घाबरून आधीचे तीन-चार दिवस भात-पोळी बंद केली जाते. मग शरीर अचानक आलेल्या ७५ ग्रॅम ग्लुकोजला सरावलेलं नसतं आणि आकडा उगीच वर जातो. आधीचे तीन दिवस नेहमीसारखं जेवा, रात्रभर किमान आठ तास उपाशी राहा आणि ते दोन तास एका जागी बसून काढा.

शुगर कमी करणाऱ्या मेटफॉर्मिन या गोळीचा विषय तुम्हीच काढा. मधुमेह अजून झालेला नसतानाही ते कोणाला द्यावं, याच्या अमेरिकन यादीत गरोदरपणातली शुगर आणि ६.० किंवा त्याहून जास्त एचबीए१सी ही दोन्ही कारणं आहेत. गरोदरपणात शुगर झालेल्या बायकांत पुढे मधुमेह होण्याचं प्रमाण मेटफॉर्मिनने जवळपास निम्म्यावर आलं, आणि खाण्या-चालण्यातल्या नेटाच्या बदलांनीही तेवढंच. तेव्हा गोळी घ्यायची की नाही हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. पण हे औषध बी१२ कमी करतं आणि शाकाहारी माणसाचं ते आधीच कमी असू शकतं. त्यामुळे सुरू करण्याआधी बी१२ बघायचं आणि नंतर दरवर्षी. सीडीसीचा, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचा, मधुमेह टाळण्याचा वर्षभराचा कार्यक्रमही विचारा. आशियाई माणसाला त्यात २३ बीएमआयपासून प्रवेश मिळतो, इतरांना २५ पासून.

आता तुमची मैत्रीण. एकाच बीएमआयला काळ्या बायकांच्या अंगात सरासरीने स्नायू जास्त आणि पोटातली चरबी कमी असते. त्यामुळे तिचा ३१ आणि एखाद्या गोरीचा ३१ हे सारखे नाहीत. पण म्हणून ‘तिला काही होत नाही’ असं समजू नका. वर सांगितलेला २८.१ आठवा: पोटातली चरबी कमी असूनही काळ्या लोकांत मधुमेहाचा धोका गोऱ्यांपेक्षा कमी वजनावरच सुरू होतो. शिवाय अमेरिकेत दर तेरा काळ्या बाळांपैकी साधारण एक सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं एक जनुक घेऊन जन्मतं. अशा माणसाला त्रास काही होत नाही, पण त्याची एचबीए१सी खऱ्यापेक्षा सुमारे ०.३ ने कमी दिसते. तिच्या घरी कोणाला सिकलसेल असेल, किंवा तिला स्वतःबद्दल ठाऊक नसेल, तर तिनेही उपाशीपोटी ग्लुकोज करून घ्यावं आणि रक्तदाब पाहावा. सगळं ठीक निघालं तर उत्तमच. एकाच मापावर तुमचा आकडा बहुधा धोका लपवतो आहे, आणि तिच्या बाबतीत डॉक्टर वजनापाशीच अडकून बाकीचं विचारायचं विसरत असतील. नुकसान दोघींचं.

आणि ग्रुपवरचं ते वाक्य. त्याला सरळ आकड्यांनी उत्तर देता येतं. सीडीसीच्या २०१७-१८ च्या पाहणीत अमेरिकेत लठ्ठ म्हणजे ३० च्या वर बीएमआय असलेले प्रौढ किती होते? काळ्या लोकांत ४९.६ टक्के, हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी मुळांच्या) लोकांत ४४.८, गोऱ्यांत ४२.२ आणि आशियाई लोकांत १७.४. ग्रुपवर सगळे इथेच थांबत असतील. पण हेच आकडे बायका आणि पुरुष असे वेगळे केले की चित्र पालटतं. काळ्या बायकांत ५६.९ टक्के, गोऱ्या बायकांत ३९.८. आणि काळ्या पुरुषांत ४१.१, तर गोऱ्या पुरुषांत ४४.७. काळे पुरुष गोऱ्या पुरुषांपेक्षा मागे! ताबा नसणं हा वंशाचा गुण असता, तर त्याच घरातल्या बहिणीत तो असता आणि भावात नसता, असं कसं झालं असतं?

वस्तीचा हात किती, हे पाहायचं तर बाल्टिमोरचा अभ्यास घ्या. शहराच्या नैर्ऋत्य भागात अशी एक वस्ती निवडली जिथे काळे आणि गोरे शेजारीशेजारी राहतात, दोघांची मिळकतही जवळपास सारखीच आणि तुटपुंजी. दुकानं तीच, बस तीच, दवाखाना तोच. देशभराच्या आकडेवारीत काळ्या बायकांत लठ्ठपणाची शक्यता गोऱ्या बायकांच्या साधारण दुप्पट दिसते. या वस्तीत तो फरक जवळपास मिटलेला होता.

दुसरा दाखला त्याहून पक्का आहे, कारण त्यात चिठ्ठ्या टाकल्या होत्या. १९९४ ते १९९८ या काळात बाल्टिमोर, बोस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कमधल्या सरकारी चाळींतल्या साडेचार हजारांच्या आसपास कुटुंबांतून, नशिबाने, काहींना कमी गरिबीच्या वस्तीत घर भाड्याने घेण्यासाठी व्हाउचर दिलं गेलं. खाण्याबद्दल त्यांना कोणी काही शिकवलं नाही, वजनाचा उल्लेखही नव्हता. दहा ते पंधरा वर्षांनी मोजलं तेव्हा, ज्या बायकांना ही संधी मिळाली त्यांच्यात ३५ च्या वर बीएमआय असलेल्यांचं प्रमाण संधी न मिळालेल्यांपेक्षा शेकड्यामागे साडेचारहून थोडं जास्त कमी होतं आणि मधुमेहाच्या पातळीची एचबीए१सी असलेल्यांचं जवळपास तेवढंच. माणसं तीच, वंश तोच, बदलला फक्त पत्ता.

पत्ता इतकं काय करतो, याची मुळं १९३० च्या दशकात आहेत. तेव्हा सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले आणि काळ्या लोकांच्या वस्त्या लाल केल्या. तुमच्या परिसराचेही असे नकाशे निघाले होते. लाल वस्तीत कर्ज मिळेना, म्हणून घराची मालकी नाही, म्हणून पुढच्या पिढीच्या हाती पुंजी नाही. मोठी दुकानं आणि चांगली उद्यानं पैशाच्या मागे उपनगरांत गेली, महामार्ग आणि गोदामं लाल भागात आली. त्यावर रात्रपाळी, दोन-दोन नोकऱ्या, अपुरी झोप, संध्याकाळनंतर मुलांना बाहेर सोडायची भीती. गोड पेयांच्या जाहिरातीसुद्धा काळ्या मुलांना गोऱ्या मुलांच्या जवळपास दुप्पट दिसतात. यातली एकच गोष्ट उचलून भागत नाही. फिलाडेल्फियात अशा एका वस्तीत नवं सुपरमार्केट उघडलं. लोकांना ते आवडलं, पण त्यांचं खाणं आणि वजन फारसं बदललं नाही. पैसा हेही पूर्ण उत्तर नाही, कारण शिकलेल्या, बऱ्या कमाईच्या काळ्या बायकांतही लठ्ठपणा शिकलेल्या गोऱ्या बायकांपेक्षा जास्त आहे. रोजच्या वंशभेदाचा ताण शरीरावर काय करतो, हा प्रश्न तिथून सुरू होतो.

आणि आपला १७.४? तो आकडा ३० च्या रेघेवर मोजलेला आहे आणि त्यात चिनी, व्हिएतनामी, फिलिपिनो, भारतीय सगळे एकत्र आहेत. २०११ ते २०१६ च्या पाहणीत मधुमेह वेगळा मोजला तेव्हा अमेरिकेतल्या दक्षिण आशियाई प्रौढांत तो २३.३ टक्के निघाला. काळ्या लोकांत २०.४, गोऱ्यांत १२.१. चांगली नोकरी, गाडी, घराजवळ भाजीची दुकानं, आरोग्य विमा, एवढं सगळं हाताशी असून. शेजाऱ्याच्या ताटाकडे बोट दाखवणाऱ्याने आपली कंबर आणि एचबीए१सी तपासून घ्यावी, हे ग्रुपवर बिनधास्त लिहा. ते लिहिल्याने एखाद्याचा मधुमेह वेळेत सापडेलसुद्धा.

आता स्वयंपाकघर. तुमच्या दिवसात प्रथिनं जेमतेम ३० ग्रॅम होतात, हवीत ६० च्या आसपास, म्हणजे वजनाच्या दर किलोला साधारण एक ग्रॅम. हे आधी वाढवा, पिष्ट आपोआप मागे सरतं. सकाळी खारीऐवजी दोन अंडी (१२ ग्रॅम). डब्यात तीनऐवजी दोन पोळ्या (६), भाजीबरोबर वाटीभर घट्ट उसळ (८ ते ९) आणि पाण्याचा अंश काढलेल्या ग्रीक दह्याची लहान डबी (१५ ते १६). रात्री भातावर वरण न ओतता, वाटीभर घट्ट वरण वेगळं, बरोबर ७५ ग्रॅम पनीर किंवा टोफू, आणि भात अर्धा अमेरिकन कप. एक कप शिजलेला भात म्हणजे दोन पोळ्या, हा हिशेब मनात ठेवा. जेवताना आधी कोशिंबीर आणि उसळ, पोळी-भात शेवटी; नुसता क्रम बदलल्यानेही जेवणानंतरची शुगर कमी चढते.

हे करताना नेमकं कुठे फसतं तेही सांगतो. पोळी सोडून ज्वारीची भाकरी सुरू केली जाते. ज्वारी चांगलीच, पण पोळीला ३० ग्रॅम पीठ लागतं आणि हातावर थापलेल्या भाकरीला ६० ते ७०. दोन पोळ्यांच्या जागी दोन भाकऱ्या आल्या की पीठ दुप्पट झालं आणि शुगर तिथेच राहिली. भाकरी हवी तर एकच. उपवासाचंही तसंच: साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, वरीचे तांदूळही बहुतांशी तेच. उपवास मोडायला सांगत नाही, त्या दिवशी राजगिऱ्याची लहान भाकरी, दही आणि मूठभर दाणे घ्या. पोह्यांची ताटली भरायची तर पोहे अर्धे आणि वाफवलेली मटकी अर्धी.

चहा. दोन चमचे तीनदा म्हणजे दिवसाला २४ ग्रॅम साखर. अमेरिकन हार्ट असोसिएशनने बाईला दिवसभरात वरून घातलेल्या साखरेची जी मर्यादा सांगितली आहे, २५ ग्रॅम, ती तुमच्या चहातच संपते. एकदम बंद केलीत तर आठवड्यात परत सुरू होईल. पहिले दोन आठवडे दीड चमचा, पुढचे दोन एक, मग अर्धा. जीभ सरावते. चहासोबतची खारी मात्र आजच थांबवा, ती मैदा आणि वनस्पती तुपाच्या घड्यांवर घड्या घालून केलेली असते, आणि आपण ती मोजून खात नाही.

तेल मोजायची सोपी रीत: डोई महिन्याला अर्धा लिटर. चौघांच्या घराला दोन लिटर. एका गॅलनच्या कॅनमध्ये पावणेचार लिटर तेल असतं, तो तुमच्याकडे महिन्यात संपत असेल तर जवळपास दुप्पट चाललं आहे. कॅनवर उघडल्याची तारीख लिहून ठेवा.

चालणं आठवड्याला दीडशे मिनिटं, आणि त्यातली रोजची पंधरा रात्रीच्या जेवणानंतर लगेच, कारण तेव्हाच शुगर चढते आणि चालणारा स्नायू ती ओढून घेतो. थंडीत इमारतीचा जिना किंवा घरातल्या घरात येरझाऱ्या चालतील. पण तुमच्या अंगकाठीला नुसतं चालणं पुरणार नाही. आपल्याकडे स्नायूच कमी, आणि रक्तातलं ग्लुकोज साठवायचं मोठं कोठार तेच. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, वीस मिनिटं: खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं दहा वेळा, भिंतीला हात लावून दंड दहा वेळा, आणि बासमतीची दहा पौंडांची न फोडलेली पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून तीच बैठक पुन्हा. प्रत्येकाच्या तीन फेऱ्या. शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेल्या पाहिजेत. सहज जमत असतील तर वजन किंवा संख्या वाढवा. पाहुणे आले, प्रवास झाला म्हणून आठवडा चुकला तर पुढच्या सोमवारी तिथूनच सुरू करा, शून्यापासून नको. गुडघा दुखत असेल तर खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करा. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर थांबा आणि डॉक्टरांना कळवा.

वजनाचं लक्ष्य छोटं ठेवा: सात ते नऊ पौंड, आठवड्याला अर्ध्या पौंडाच्या बेताने, म्हणजे सव्वातीन ते सव्वाचार महिने. रात्रीचं जेवण सोडून लवकर उतरवू नका. त्यात चरबीबरोबर स्नायूही जातो, आणि वजन परत येतं तेव्हा मुख्यतः चरबीच येते. एचबीए१सी तीन महिन्यांच्या आत पुन्हा करण्यात अर्थ नाही, कारण ती तांबड्या पेशींच्या आयुष्यभराचा हिशेब सांगते आणि ते आयुष्य साधारण १२० दिवसांचं. कंबर मात्र दर पंधरा दिवसांनी, त्याच जागी, सकाळीच. पहिल्या महिन्यात काटा हलला नाही आणि कंबर अर्धा इंच उतरली, असं बरेचदा होतं. टेप दर वेळी वर-खाली सरकू नये म्हणून आंघोळीआधी हाडांमधल्या त्या जागी पेनने दोन ठिपके काढून ठेवा.

आणि त्याच सकाळी घरातल्या पुरुषांचीही कंबर मोजा. त्यांची रेघ ९० सेंटिमीटर, साडेपस्तीस इंच. पँटच्या नंबरावर जाऊ नका. पोट सुटलेल्या माणसाची पँट पोटाच्या खाली बसते, त्यामुळे ३४ नंबरवाल्याची कंबर टेपवर ३८ भरू शकते.